सांगणाऱ्याचे नाव : भारतीय बालपुस्तकांच्या संशोधन-पद्धतीचा मागोवा

मुलांसाठी लिहिणाऱ्या लेखकाला संशोधन करावे लागते, ही गोष्ट वाङ्मयेतिहासांनी फारशी गंभीरपणे घेतलेली नाही. ऐतिहासिक कादंबरीकाराने कोणत्या बखरी चाळल्या, कोणते किल्ले पायी तुडवले, याची चर्चा होते. त्याच्या प्रस्तावनेतील दावे तपासले जातात. बालपुस्तकाच्या वाट्याला अशी तपासणी क्वचितच येते. ते आईच्या मांडीवरून किंवा आजीच्या अंथरुणातून आपोआप उगवले, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत मोठे गोड आहे. परंतु त्याला स्वतःचा इतिहास आहे आणि तो घडवण्यात स्वतः लेखकांचाच हात आहे. ज्यांनी या क्षेत्रात सर्वाधिक कष्टाने साधने जमवली, त्यांपैकी अनेकांनी आपले कष्ट वाचकाच्या दृष्टीआड ठेवले. कष्ट झाकताना कथा सांगणाऱ्या माणसांची नावेही झाकली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या साठ-सत्तर वर्षांत हे कसे घडले, आणि तौलनिक अभ्यासकाला त्याची किंमत कशी मोजावी लागते, याचा विचार येथे केला आहे.

मराठीपुरते बोलायचे तर आरंभी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ या १८२८ मधील पुस्तकांचे मूळ छापील होते. ‘बाळमित्र’ बर्क्वँ या फ्रेंच लेखकाच्या मुलांसाठीच्या पुस्तकावरून आले. छत्र्यांचे संशोधन म्हणजे योग्य ग्रंथाची निवड आणि त्याला मराठी वळण देण्याची खटपट. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकातही थोरांची चरित्रे, निबंध आणि माहितीपर मजकूर यांची भिस्त बहुधा ग्रंथांवर होती. ग्रंथाला कर्ता असतो, मुखपृष्ठ असते, साल असते. तो शोधून काढता येतो. कथा जेव्हा छापील पानाऐवजी बोलत्या माणसाकडून घेतली जाते, तेव्हाच संकलकापुढे नैतिक आणि पद्धतीविषयक असा दुहेरी प्रश्न उभा राहतो : हे मी कोणाकडून ऐकले, आणि ऐकले त्यात मी काय बदलले?

या प्रश्नाला समोरून उत्तर देणारे एक पुस्तक मराठी मुलखाशी निगडित आहे, पण ते इंग्रजीत आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण मराठा मुलखाच्या दौऱ्यावर होते. त्यांची कन्या मेरी फ्रिअर सोबत होती. तळावर तिला बोलायला समवयस्क स्त्री कोणी नव्हती. होती ती तिची आया, अॅना लिबराता डिसोझा. वेळ घालवण्यासाठी मेरीने तिला गोष्टी विचारल्या आणि त्यांतून ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक १८६८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. अॅनाचे घराणे मूळचे लिंगायत. ते कालिकतहून गोव्याकडे सरकले आणि तेथे ख्रिस्ती झाले. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. मेरीने अवलंबिलेली पद्धत आजच्या क्षेत्रकार्याच्या वर्गातही सांगण्यासारखी आहे. अॅना सांगे तेव्हा टिपणे घ्यायची, नंतर कथा सविस्तर लिहायची आणि लिहिलेले अॅनाला वाचून दाखवून तपशील बरोबर आले की नाही हे पडताळायचे. ज्या काळात संकलक बहुधा ‘एका वृद्धेने सांगितले’ एवढ्यावर भागवीत, त्या काळात एका तरुण मुलीने निवेदिकेकडून आपला मजकूर तपासून घ्यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याहून महत्त्वाचे असे की मेरीने पुस्तकाच्या आरंभी अॅनाला स्वतःविषयी बोलू दिले. तिचे पूर्वज, तिचे बालपण, तिला येणाऱ्या भाषा, संसारात सोसलेले दुःख, महागाईबद्दलची तिची कुरकुर, हे सारे ‘निवेदिकेचे निवेदन’ म्हणून स्वतंत्र प्रकरणात छापले गेले. मुलांच्या हाती पडणाऱ्या कथासंग्रहात एका आयेचे आत्मकथन असावे, याला त्या काळी जवळजवळ जोड नाही. मात्र येथेच एक गाठ आहे. अॅनाचे आत्मकथन तिच्याच मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या वळणात दिले आहे. तिच्या कथा मात्र सफाईदार, सुसंस्कृत इंग्रजीत आहेत. जी स्त्री स्वतःबद्दल बोलताना अडखळते, तीच राजा-राणीबद्दल बोलताना अस्खलित कशी होते, असा प्रश्न वाचकाला पडला पाहिजे. उत्तर सोपे आहे. पहिल्या ठिकाणी संकलिकेने बोली दाखवली, दुसऱ्या ठिकाणी ती पुसली. मुखपृष्ठावर नाव अर्थातच फ्रिअरचे. लीला प्रसाद यांनी २०२० मधील आपल्या ग्रंथात अॅनाला केवळ ‘माहिती देणारी’ न मानता, वसाहती चौकटीत राहूनही आपल्या कथनावर स्वतःची सत्ता राखणारी कथनकार म्हणून वाचले आहे. हे वाचन शक्य झाले ते मेरीने अॅनाचे निवेदन छापून ठेवल्यामुळेच, हेही मान्य करावे लागते.

यानंतर बाराच वर्षांनी लंडनला निघालेल्या ‘इंडियन फेअरी टेल्स’ या संग्रहाची संकलक तर स्वतःच एक मूल होती. मेव्ह स्टोक्स ही कलकत्त्यातील सरकारी अधिकारी आणि केल्टिक भाषांचे पंडित व्हिटली स्टोक्स यांची मुलगी. तिचे पुस्तक प्रथम १८७९ मध्ये कलकत्त्यात खाजगीरीत्या छापले गेले आणि १८८० मध्ये लंडनला निघाले. त्यातील तीस कथांपैकी पंचवीस मेव्हला आणि पाच तिच्या आईला सांगितल्या गेल्या. सांगणारे तिघे : दुंकनी आणि मुनिया या दोन आया, आणि करीम हा खिदमतगार. प्रस्तावनेत मेव्हने त्या प्रत्येकाची थोडक्यात ओळख दिली आहे. मुनिया पांढऱ्या केसांची म्हातारी, पाटण्यात जन्मलेली. दुंकनीला गोष्टी तिच्या नवऱ्याकडून मिळालेल्या. सगळे कथन हिंदुस्थानीत झाले. बालवाङ्मयाच्या अभ्यासात ज्या एका वाक्याला सैद्धांतिक मोल द्यायला हवे, तेही याच प्रस्तावनेत आहे. त्याचा आशय असा की नोकर सुरुवातीला फक्त मेव्हलाच गोष्टी सांगत, कारण ती लहान होती आणि ती हसणार नाही याची त्यांना खात्री होती. पुढे दोघी आयांची भीड चेपली आणि पुस्तक छापले जात असताना त्यांनी जवळजवळ सगळ्या गोष्टी आईला पुन्हा सांगितल्या. करीमने मात्र आपली गोष्ट आईला कधी सांगितली नाही आणि तिच्यादेखतही सांगितली नाही.

मानवशास्त्राच्या परिभाषेत ज्याला संशोधक आणि निवेदक यांच्यातील सत्तासंबंध म्हणतात, तो येथे एका मुलीने कोणतीही परिभाषा न वापरता नोंदवला आहे. साहेबाच्या पत्नीसमोर गप्प राहणारा करीम साहेबाच्या मुलीसमोर बोलतो. आईने, म्हणजे मेरी स्टोक्स यांनी, पुस्तकाला विस्तृत तौलनिक टिपा जोडल्या. त्या उपयुक्त आहेत आणि त्यांच्याशिवाय पुस्तकाचे शास्त्रीय मूल्य कमी झाले असते. तरीही पद्धतीच्या दृष्टीने त्या प्रस्तावनेतील काही ओळी टिपांच्या शेकडो ओळींपेक्षा अधिक सांगून जातात.

लालबिहारी दे यांचे ‘फोक-टेल्स ऑफ बेंगॉल’ (१८८३) हे पुस्तक कॅप्टन रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून तयार झाले. लहानपणी ‘शंभूची आई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्हातारीने सांगितलेल्या गोष्टी आठवून दे तशाच कथाकाराच्या शोधात निघाले, आणि त्यांना एक ख्रिस्ती बंगाली स्त्री, दोन वृद्ध ब्राह्मण, एक म्हातारा न्हावी आणि घरचा एक जुना नोकर भेटले. कोणी किती कथा सांगितल्या, याचा हिशेबही त्यांनी प्रस्तावनेत दिला. यांपैकी कोणालाच इंग्रजी येत नव्हते आणि भाषांतर घरी येऊन आपण केले, हेही नोंदवले. हिशेब चोख आहे. फक्त नावे नाहीत. अॅना, दुंकनी, मुनिया, करीम यांच्या जागी आता जात, धंदा आणि वय आले. बालपणीची ती म्हातारीसुद्धा मुलाच्याच नावाने ओळखली जाते. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये; आपल्याही गावगाड्यात ‘अमक्याची आई’ हीच बाईची ओळख होती.

वरील तिन्ही पुस्तके इंग्रजीत होती आणि त्यांचा वाचक दुहेरी होता : घरातले मूल आणि विद्वत्सभेतला अभ्यासक. या दुहेरीपणावर जोसेफ जेकब्स यांनी काढलेला तोडगा मनोरंजक आहे. ‘इंग्लिश फेअरी टेल्स’च्या (१८९०) अखेरीस कथा संपल्या की दवंडी पिटणारा येतो आणि मुलांनी पुढे वाचू नये असे बजावतो. त्या पडद्यामागे मोठ्यांसाठी टिपा आहेत : मूळ कोठले, समांतर कथा कोणत्या, संपादकाने फेरफार काय केले. ‘इंडियन फेअरी टेल्स’ याच नावाच्या त्यांच्या १८९२ मधील संग्रहात ‘पंचकिन’ ही अॅनाची कथा आहे आणि टिपेत फ्रिअरच्या पुस्तकाबरोबर अॅना डिसोझाचे नाव व तिच्या घराण्याचा उल्लेखही आहे. म्हणजे सांगणाऱ्याचे नाव टिकले, पण पडद्यामागे गेले. फ्रेझर यांच्या ‘गोल्डन बाउ’मध्ये तीच कथा शरीराबाहेर ठेवलेल्या प्राणाचे उदाहरण म्हणून येते, तेव्हा ती केवळ एक हिंदू कथा असते आणि तळटीपेत मेरी फ्रिअरचे नाव असते. एका आयेच्या आजीची कथा पाव शतकाच्या आत ‘हिंदू मना’चा पुरावा झाली. तौलनिक अभ्यासाच्या प्रारंभकाळातले हे स्थलांतर त्या विद्याशाखेने स्वतःशीच एकदा ताडून पाहावे असे आहे.

भारतीय भाषांतील बालपुस्तकाला जेकब्ससारखा पडदा परवडणारा नव्हता. त्याचा वाचक एकच होता आणि पानेही मोजकीच. त्यामुळे लेखकाने आपल्या शोधाचा हिशेब एक तर प्रस्तावनेत द्यायचा, नाही तर द्यायचाच नाही, एवढाच पर्याय उरला. बंगालीत हा पेच सर्वांत लवकर आणि सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथील १८९४ ते १९१० हा काळ त्या दृष्टीने सावकाश पाहण्याजोगा आहे.

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १८९४-९५ च्या सुमारास मुलांना रिझवण्याच्या छडांवर, म्हणजे बडबडगीतांवर, लेख लिहिले आणि असंख्य छडा संकलित करून छापल्या. त्यांची भूमिका दोन बाबतींत उल्लेखनीय आहे. एकाच छड्याचे अनेक पाठ हाती आले तर त्यांतला शुद्ध कोणता आणि भ्रष्ट कोणता हे ठरवण्याचा अधिकार संकलकाला नाही, म्हणून सर्व पाठ जपले पाहिजेत, असे त्यांनी मानले. भाषाशास्त्राच्या ग्रंथपरंपरेत वाढलेल्या विद्वानाला हे मानवणे कठीण होते. तेथे पाठभेद हा दोष असतो आणि मूळ संहिता हे साध्य. दुसरी बाब अशी की एका छड्यातील बहिणीच्या तोंडची शिवी भद्र समाजात उच्चारण्यासारखी नसल्याने त्यांनी तेथे सौम्य शब्द घातला, आणि तसे केल्याचे वाचकाला सांगितले. बदल करणारे संकलक शेकडो. बदलाची कबुली देणारे थोडे. मुलांसाठीच्या मजकुरात गाळण्याचा मोह अधिक असतो आणि गाळल्याचे सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही, म्हणून ही कबुली मोलाची.

ठाकूर घराण्यातच आणखी एक वही होती. रवींद्रनाथांच्या सूचनेवरून त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी रूपकथा गोळा करून लिहून ठेवीत. त्यांच्या वहीतील एका कथेवरून अवनींद्रनाथांनी १८९६ मध्ये ‘क्षीरेर पुतुल’ लिहिले. खव्याच्या बाहुलीची ही कथा बंगाली बालवाङ्मयातील अक्षर कृतींपैकी एक मानली जाते आणि तिचे शब्दचित्र निःसंशय अवनींद्रनाथांचेच आहे. मृणालिनीदेवी १९०२ मध्ये, वयाची तिशीही पूर्ण होण्याआधी निवर्तल्या. संकलन त्यांचे, कृती पुतण्याची. घरातल्या वहीवर संकलिकेचे नाव घालण्याची रीत नव्हती, आणि वहीच्या आधी ज्या तोंडांनी त्या कथा सांगितल्या ती तर आणखी दोन पायऱ्या मागे राहिली.

दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांचे ‘ठाकुरमार झुलि’ (१९०७) हे या प्रवासातील निर्णायक पुस्तक. लहानपणी आई गेल्यावर दक्षिणारंजन मैमनसिंग भागात आत्याकडे वाढले. आत्याने जमीनदारीचे काम सोपवल्यावर त्यांचे खेड्यापाड्यांतून हिंडणे सुरू झाले. वसुली आणि देखरेख या निमित्ताने त्यांनी वर्षानुवर्षे म्हाताऱ्या बायकांकडून कथा, व्रतकथा आणि गाणी ऐकली. एवढेच नव्हे, तर त्यांनी फोनोग्राफ वापरला. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात पूर्व बंगालच्या खेड्यात मुलांच्या पुस्तकासाठी ध्वनिमुद्रण व्हावे, ही घटना भारतीय बालवाङ्मयाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवायला हवी. मात्र या यंत्राची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्या काळच्या मेणाच्या नळकांड्यावर सुमारे दोन मिनिटांचा आवाज बसे. सात चंपा भावांची आणि त्यांच्या पारुल बहिणीची कथा, किंवा लालकमल-नीलकमल यांची राक्षसांशी झुंज, अशा नळकांड्यावर मावणारी नव्हती. तेव्हा फोनोग्राफने त्यांना संहिता दिली असेल असे समजणे चुकीचे ठरेल. आवाजाची लय, हेलकावे, थांबण्याच्या जागा, पद्याच्या ओळी म्हणण्याची धाटणी हे यंत्राकडून मिळू शकत होते, आणि पुस्तकाचे खरे यश नेमके तेथेच आहे. अर्धवट तुटलेल्या ओळी, पुनरुक्ती, पानावर मुद्दाम सोडलेल्या मोकळ्या जागा, यांमुळे छापील कथा ऐकू येते. चित्रेही लेखकाचीच.

पद्धतीच्या दृष्टीने हे मेरी फ्रिअरच्या बरेच पुढचे पाऊल होते. तिला टिपणांवर आणि स्मरणावर विसंबावे लागले. दक्षिणारंजनांच्या हाती आवाज होता. तिला भाषांतर करावे लागले. यांनी बंगालीतून बंगालीत लिहिले. आणि तरीही ‘ठाकुरमार झुलि’त कोणती कथा कोणी सांगितली, कोणत्या गावी सांगितली, याची यादी नाही. सांगणाऱ्या साऱ्या स्त्रिया शीर्षकातील एका ठाकुरमेत, एका आजीत, विरघळून गेल्या. याला केवळ हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. १९०५ च्या फाळणीनंतर बंगालला ठराविक गावच्या ठराविक बाईची गरज नव्हती. गरज होती सगळ्यांच्या आजीची. पुस्तकाला रवींद्रनाथांनी लिहिलेली प्रस्तावना हेच सांगते. आजीच्या झोळीइतके स्वदेशी दुसरे काय असणार, आणि तीही आता मँचेस्टरच्या गिरणीतून येऊ लागली आहे, अशी खंत तेथे आहे. प्रस्तावनेच्या अखेरीस ते एक सूचना करतात. आधुनिक आज्यांसाठी एक शाळा काढावी आणि तेथे दक्षिणाबाबूंचे हे पुस्तक शिकवावे! सूचना विनोदाची आहे. पण तिच्यातली उलटापालट विनोदावर सोडून देता येत नाही. ज्या बायकांच्या तोंडून पुस्तक घेतले, त्यांच्याच लेकीसुनांनी आता ते पुस्तकातून शिकावे. उगम आणि पाट यांची अदलाबदल येथे पूर्ण झाली.

आणि झालेही तसेच. ‘ठाकुरमार झुलि’ शंभराहून अधिक वर्षे बंगाली घरांत वाचले जात आहे, आणि आज एखादी बंगाली आजी लालकमल-नीलकमलची गोष्ट सांगते तेव्हा ती बहुधा दक्षिणारंजनांच्या शब्दांतली असते. तौलनिक अभ्यासकापुढची अडचण ही आहे. १९०७ नंतर बंगालमध्ये नोंदवलेल्या मौखिक पाठाचा ‘झुलि’शी मेळ बसला, तर त्यावरून परंपरेची प्राचीनता सिद्ध होत नाही, पुस्तकाचा खप सिद्ध होतो. मूळ सांगणाऱ्यांची नावे आणि गावे नोंदली असती, तर एकाच गावातील छापील आणि मौखिक धारा वेगळ्या काढण्याचा काही मार्ग राहिला असता.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी याच मैमनसिंगचे, पण स्वभावाने निराळे. त्यांचे संशोधन कानापेक्षा डोळ्याचे. मुलांसाठी लिहिलेल्या रामायणातील त्यांची चित्रे लाकडी ठशांच्या छपाईत बिघडली, तेव्हा त्यांनी इंग्लंडहून सामग्री मागवून स्वतः छपाईचे तंत्र अभ्यासले. १८९५ मध्ये त्यांचा चित्रमुद्रणाचा व्यवसाय उभा राहिला, आणि हाफटोन पद्धतीवरील त्यांचे निबंध ‘पेनरोझ अॅन्युअल’ या ब्रिटिश वार्षिकात १८९७ पासून छापून येऊ लागले. मुलांच्या चित्रात वाघाच्या अंगावरचा पट्टा नीट उठावा, या ध्यासातून एखाद्याने मुद्रणशास्त्रात भर घालावी, असे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही. ‘संदेश’ मासिक (१९१३) हे त्याच ध्यासाचे फळ. ‘टुनटुनिर बइ’ (१९१०) या त्यांच्या कथासंग्रहाच्या छोट्या निवेदनात स्रोताचा उल्लेख आहे, आणि तो नेमका आहे : संध्याकाळी मुले न जेवताच पेंगू लागतात, तेव्हा पूर्व बंगालच्या काही भागांतील स्त्रिया त्यांना जागे ठेवण्यासाठी या गोष्टी सांगतात. नावे येथेही नाहीत. परंतु कथनाचा प्रसंग आहे, वेळ आहे, प्रदेश आहे आणि प्रयोजनही आहे. टुनटुनीच्या म्हणजे शिंप्याच्या गोष्टी इतक्या आखूड, चटपटीत आणि खाण्यापिण्याने भरलेल्या का, याचे उत्तर त्या एका वाक्यात मिळते. झोपवण्यासाठी सांगितलेल्या कथा वेगळ्या असतात, जागे ठेवण्यासाठी सांगितलेल्या वेगळ्या. लोककथेच्या रूपबंधावर लिहिताना हा भेद जमेस धरणारे अभ्यासक आजही थोडेच.

येथवर शोधाचा रोख कथा कोठून आली याकडे होता. १९२० नंतर गुजरातमध्ये तो कथा कोणापुढे टिकते याकडे वळला. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. पेशाने वकील असलेल्या गिजुभाईंनी उलटतपासणीची सवय जणू कथेला लावली : गोष्ट आधी मुलांना सांगायची, मुले कोठे रमतात आणि कोठे चुळबुळ करतात ते पाहायचे, मग लिहायची. ‘वार्तानुं शास्त्र’ (१९२५) या ग्रंथात त्यांनी कथेची निवड, वयानुसार क्रम आणि सांगण्याची कला यांचा पद्धतशीर विचार केला. कथेचे पहिले प्रयोजन आनंद, नीतीचा उपदेश नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. ‘दिवास्वप्न’ हे पुढील पुस्तक तर वर्गातील प्रयोगाचेच कथारूप आहे; तेथे दंगेखोर वर्ग गोष्टीच्या जोरावर ताब्यात येतो.

या कामात १९२३ पासून त्यांच्यासोबत ताराबाई मोडक होत्या. मुंबईत जन्मलेल्या या मराठी शिक्षिकेने भावनगरची पद्धत मराठीत आणली. नूतन बालशिक्षण संघ (१९२६) आणि ‘शिक्षणपत्रिका’ ही त्याची साधने. गुजराती आणि मराठी बालवाङ्मयाच्या परस्परसंबंधांचा इतिहास लिहायचा झाला तर तो ताराबाईंपासून सुरू करावा लागेल. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांमध्ये काम केले, तेव्हा शहरी बालवर्गातून सिद्ध झालेली सामग्री पुन्हा कसोटीला लागली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात नेली. विकतच्या साधनांऐवजी दगड, बिया, पाने आली. श्रोता बदलला की कथेचे शास्त्रही पुन्हा तपासावे लागते, हे भावनगरमध्ये तत्त्व होते; कोसबाडच्या टेकडीवर तो रोजचा अनुभव झाला.

गिजुभाई-ताराबाईंच्या पद्धतीचे श्रेय मोठे आहे. परंतु त्यातही सांगणाऱ्याचे नाव परत आले नाही. मूल हा नवा साक्षीदार मिळाला आणि जुना साक्षीदार, म्हणजे ती आजी किंवा आया, विस्मृतीत गेला. मुलांना आवडते ते खरे, ही कसोटी एकदा मान्य केली की मूळ पाठाशी इमान राखण्याचा प्रश्न गौण ठरतो. संकलक आणि शिक्षक यांची निष्ठा वेगवेगळ्या जागी असते आणि बालपुस्तकाच्या लेखकात हे दोघेही राहतात, म्हणून त्याची पद्धत नेहमी थोडी ओढाताणीची असते.

साने गुरुजींच्या लेखनात ही ओढाताण एकाच माणसाच्या दोन पुस्तकांत विभागलेली दिसते. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत बहुतांशी लिहून झाले. तेथे साधन होते केवळ स्मरण, आणि पुस्तकाची रचनाही रात्री सांगितलेल्या आठवणींची. त्याच गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’ या संग्रहासाठी बायकांच्या असंख्य ओव्या चिकाटीने जमवून विषयवार लावल्या. एका पुस्तकात एका आईचे नाव घरोघर पोचले. दुसऱ्यात अनेक आया एका अनामिक स्त्रीजीवनाच्या प्रकरणांत वाटल्या गेल्या. दोन्ही पुस्तकांतील आस्था तीच आहे. हिशेब वेगळा आहे.

ओव्यांच्या बाबतीत मराठीत तो हिशेब नंतर बदलला. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्यांचे जे संकलन झाले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि ओवी गाणारीचे नाव व गाव नोंदलेले आहे. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. बायकांचे आवाज आणि छायाचित्रेही तेथे आहेत. बाळाला न्हाऊ घालतानाच्या आणि तान्ह्याच्या कौतुकाच्या ओव्या त्यात भरपूर आहेत आणि बालगीतांच्या संकलकाला त्यांचा उपयोग होण्यासारखा आहे. तेथून एखादी ओवी उचलून मुलांच्या सचित्र पुस्तकात घातली जाईल, तेव्हा श्रेयपानावर लेखक, चित्रकार, संपादक आणि मुद्रक यांच्या खाली गाणारीचे नाव व गाव यांना एक ओळ मिळते की ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द पडतो, हे त्या पुस्तकाच्या लेखकाला छापखान्यात मजकूर जाण्यापूर्वी ठरवावे लागेल. मेव्ह स्टोक्सने ते बालवयातच ठरवले होते, आणि करीमचे नाव त्याच्या न सांगण्यासकट छापले होते.